किरणोपचार, रसायन आणि वैद्याचा विवेक

किरणोपचार सुरू असलेल्या रुग्णाचे नातेवाईक चिकित्सालयात येतात आणि म्हणतात, ‘वैद्यराज, किरणांची उष्णता बाधू नये म्हणून एखादे रसायन द्या.’ काही वर्षांपूर्वी अशाच एका घशाच्या कर्करोगाच्या रुग्णास आम्ही आमलकीप्रधान रसायन दिले. मात्र त्याच्या किरणोपचारतज्ज्ञांना कळविले नाही. रुग्णाने तेथे सांगताच तज्ज्ञांचा दूरध्वनी आला. प्रश्न एकच होता : ‘हे औषध गाठीलाही वाचवणार नाही, याची आपणास खात्री आहे का?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या प्रश्नाने आम्हांस अभ्यासाला बसविले.

पेशीचा बहुतांश भाग पाण्याचा. किरणांमुळे पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होतात व ती डीएनएच्या साखळ्या तोडतात. हे सर्व क्षणार्धाच्याही अल्पांशात घडते. म्हणून अशा मूलकांना आवरणारे रक्षक द्रव्य किरण पडण्यापूर्वीच पेशीत असावे लागते. १९४९ साली अमेरिकेत पॅट व सहकाऱ्यांनी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल क्ष-किरणांपूर्वी उंदरांना दिले, तेव्हा अधिक उंदीर जगले. किरणांनंतर दिल्यास लाभ दिसला नाही.

पुढे अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेने हजारो संयुगे तपासली. त्यांतून अमिफॉस्टिन पुढे आले. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचे सक्रिय रूपात परिवर्तन करते. हे विकर निरोगी ऊतींत अधिक, गाठीत कमी. म्हणून संरक्षण मुख्यतः निरोगी पेशींस मिळते. किरणोपचारातील मुखशोष कमी करण्यासाठी १९९९ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. तथापि वांती व रक्तदाब उतरणे हे त्याचे दोष आहेत.

आपल्या तुळशीचेही या क्षेत्रात स्थान आहे. मणिपाल येथे डॉ. उमा देवी व सहकाऱ्यांनी तुळशीतील ओरिएंटिन व व्हायसेनिन या फ्लॅव्होनॉइडांचा किरणरक्षक गुण उंदरांमध्ये दाखविला. हे अभिमानास्पद खरे. पण उंदरातील निष्कर्ष म्हणजे रुग्णाची मात्रा नव्हे.

सावधगिरीचे कारणही ठोस आहे. कॅनडात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवरील अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ‘ई’ जीवनसत्त्व व बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत किरणोपचाराचे तीव्र उपद्रव घटले. पण त्याच जागी रोग उलटण्याकडे कल अधिक दिसला. म्हणजे जे द्रव्य निरोगी पेशीस कवच देते, ते गाठीसही देऊ शकते. तज्ज्ञांच्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस येथे उमगला.

म्हणून वैद्यबंधूंस आमची विनंती : किरणोपचार चालू आहे का, हे प्रत्येक कर्करोगी रुग्णास विचारावे. चालू असल्यास संबंधित तज्ज्ञांच्या संमतीविना रसायन देऊ नये. द्रव्य, मात्रा व काल लेखी कळवावा. औषधालयांच्या चालकांनी ‘किरणांपासून संरक्षण’ असे सांगून कोणतेही चूर्ण वा अवलेह विकू नये. उपचार पूर्ण झाल्यावर अग्निबल व धातुक्षय पाहून बल्य चिकित्सेस वाव आहेच. तीही तज्ज्ञांस सांगूनच करावी.

काल पाहून दिलेले तेच औषध. हे आपले शास्त्र प्रथमपासून सांगते. आम्ही मात्र ते एका दूरध्वनीनंतर शिकलो.