पुसलेल्या माणसामागची भिंत

फोटोतून नको असलेला माणूस किंवा वस्तू काढायची तर दोन कामे करावी लागतात. काय काढायचे ते नेमके ओळखायचे, आणि ते काढल्यावर पडलेली मोकळी जागा भरायची. मोबाइलवर बोट फिरवले की दोन्ही कामे एका दमात उरकतात, म्हणून ती एकच वाटतात. पण या तंत्राचे सगळे कसब दुसऱ्या कामात आहे आणि सगळा धोकाही तिथेच आहे.

याचे कारण फोटोच्या घडणीत सापडते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेला प्रकाश आकड्यांत बदलतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा ० ते २५५ मधला एकेक आकडा. फाइलमध्ये चित्र म्हणून एवढेच असते. कुणी भिंतीपुढे उभे असेल, तर त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून निघालेला प्रकाश लेन्सपर्यंत पोचलेलाच नसतो. भिंतीचा तेवढा भाग फाइलमध्ये कुठेही दडलेला नसतो. माणूस काढल्यावर तिथे दिसते ती भिंत नव्याने रंगवलेली असते.

हे रंगकाम एआयच्या फार आधीपासून चालत आले आहे. काचेच्या आणि पुढे फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि देवीचे व्रण बुजवणारे कारागीर जुन्या स्टुडिओत असत. ग्रुप फोटोतून एकट्याचा फोटो हवा असेल, तर निगेटिव्हवर त्याच्या भोवतालचा सगळा भाग अपारदर्शक रंगाने झाकत. छापताना तेवढी जागा कोरी पांढरी येई. याच कसबाचा सर्वांत कुप्रसिद्ध वापर सोव्हिएत रशियात झाला. मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारून चालणारा गुप्त पोलिसप्रमुख निकोलाय येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला आणि नंतर छापलेल्या फोटोत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आले. ते पाणी एका कारागिराने हाताने रंगवले होते.

संगणकावर फोटोशॉप १९९० मध्ये आले. त्यात फोटोच्या एका भागाचा रंग उचलून दुसऱ्या भागावर लावता येऊ लागला. २००२ मधल्या आवृत्तीत ‘हीलिंग ब्रश’ने आजूबाजूच्या उजेडाशी तो रंग मिळवून घेण्याची सोय दिली. तरी कुठला भाग कुठे लावायचा, हे माणूसच ठरवत होता. तो निर्णय यंत्राकडे जाण्याचा प्रवास मात्र संशोधनाच्या शोधनिबंधांतून झाला. २००० साली मार्सेलो बर्तालमिओ, गिलेर्मो सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चित्रांची डागडुजी करणाऱ्यांची रीत गणितात मांडली. खड्ड्याच्या काठावर येऊन थांबलेल्या रेषा त्याच दिशेने आत वाढवायच्या आणि रंग हळूहळू मध्याकडे पसरवायचा. ओरखडे, घड्या आणि फोटोवर छापलेली तारीख यांना हे चालले. माणसाएवढी जागा भरायला गेले की मध्यभागी धूसर डाग उरे.

दुसरी वाट ठिगळाची होती. कसलेला रफूगार त्याच कापडाच्या लपलेल्या कडेचा धागा काढून भोक बुजवतो, तसा संगणक उरलेल्या फोटोतले बारीक तुकडे शोधून खड्ड्यात बसवतो. असा नेमका जुळणारा तुकडा कोट्यवधी शक्यतांतून हुडकायला फार वेळ लागे. २००९ मधल्या ‘पॅचमॅच’ या पद्धतीने तो वेळ इतका कमी केला की पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये ‘कंटेंट-अवेअर फिल’ आले. गवत, वाळू, आभाळ, नांगरलेली जमीन अशा ठिकाणी ही पद्धत आजही उत्तम काम देते. तिची मर्यादा उघड आहे. जे फोटोत दुसरीकडे कुठेच नाही, ते तिला आणता येत नाही.

ही मर्यादा शिकणाऱ्या यंत्रांनी ओलांडली. २०१६ मध्ये दीपक पाठक आणि त्यांच्या बर्कलेतील सहकाऱ्यांनी असंख्य फोटोंच्या पोटात मुद्दाम भोके पाडून ती भरायला एका न्यूरल नेटवर्कला बसवले. मूळ फोटो हाताशी असल्याने प्रत्येक उत्तर किती चुकले ते मोजता येत होते आणि तेवढ्या प्रमाणात नेटवर्कचे आतले आकडे बदलत जात होते. असे लाखो वेळा झाले की रस्त्याच्या कडेला काय असते, खिडकीखाली काय असते, खांद्याखाली हात कसा येतो, याचा अंदाज यंत्राला बांधता येतो. आजची बरीच साधने याच्या पुढची, डिफ्यूजन पद्धतीची आहेत. फोटोत टप्प्याटप्प्याने मुंग्या, म्हणजे कसेही विखुरलेले ठिपके, मिसळत नेऊन त्या उलट दिशेने कशा काढायच्या हे यंत्राला शिकवतात. मग मोकळ्या जागेत नुसत्या मुंग्या भरून तिथून सुरुवात केली, की भोवतालच्या चित्राला शोभेल असे काहीतरी त्यातून वर येते.

काय काढायचे ते ओळखण्याचे पहिले कामही शिकणाऱ्या यंत्रांनीच मार्गी लावले. एप्रिल २०२३ मध्ये मेटाने खुले केलेले ‘सेगमेंट एनीथिंग’ हे मॉडेल १ कोटी १० लाख फोटोंवर आणि त्यांतल्या ११० कोटी आकारांवर शिकलेले आहे. माणसावर एकदा टिचकी मारली की त्याची बाह्यरेषा आखून मिळते. या आखलेल्या भागाला मास्क म्हणतात.

सामान्य माणसाच्या हातात हे तंत्र गूगलच्या पिक्सेल ६ फोनमधल्या ‘मॅजिक इरेझर’मुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. मे २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये ‘जनरेटिव्ह फिल’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आयफोनवर ‘क्लीन अप’ आले. मे २०२४ पासून गूगल फोटोजमधला मॅजिक इरेझर पिक्सेल नसलेल्या फोनवरही फुकट मिळू लागला. नेवासे तालुक्यातल्या घोडेगावसारख्या गावात साध्या अँड्रॉइड फोनवर तो वापरता येतो, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर घोडेगावला शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो आणि पाच-सहा किलोमीटरवर शनिदेवाचा चौथरा आहे. वर छप्पर नाही, गाभारा नाही. उघड्या आभाळाखाली साधारण साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उभी आहे. तिथे काढलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत परकी माणसे येतातच, त्यामुळे घरच्यांशिवाय बाकीचे पुसायचा मोह होणे स्वाभाविक आहे. मोकळ्या आभाळापुढचा माणूस सहज निघतो, कारण आभाळ भरणे यंत्राला सर्वांत सोपे. चौथऱ्याच्या फरशीवरचा माणूस काढताना फरशीच्या सांध्यांच्या रेषा वाकड्या होतात किंवा मध्येच तुटतात. तेलाने चकाकणाऱ्या शिळेच्या अंगावर शेजारच्या भक्ताचे अंधुक प्रतिबिंब पडलेले असेल, तर भक्त जातो आणि प्रतिबिंब राहते.

या तंत्राचा खरा स्वभाव मात्र शिंगणापूरच्या घरांपुढे दिसतो. इथल्या घरांना चौकट असते पण दाराची फळी नसते, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. अशा चौकटीत उभ्या असलेल्या माणसाचा फोटो घेऊन माणूस पुसायला सांगितले, तर यंत्रापुढे प्रश्न येतो की चौकटीत सहसा काय असते. त्याने शिकलेल्या जगभरच्या फोटोंत चौकटीला दार असते. मग ते सफाईने, लाकडाच्या रेषांसह, एखाद्या वेळी कडीसकट दार रंगवून मोकळे होऊ शकते. ते दार सुबक असेल, उजेडाशी जुळलेले असेल, बघणाऱ्याला जराही शंका येणार नाही, आणि ज्या गावाची ओळखच बिनदाराची आहे तिथल्या घराला ते लागलेले असेल. यात यंत्र बिघडले असे काही झालेले नाही. त्याला जे सर्वांत संभवनीय वाटले, ते त्याने दिले. संभवनीय आणि खरे यांत अंतर पडते ते नेमके जिथे एखादी जागा चारचौघींसारखी नसते तिथे, आणि फोटो काढावासा वाटतो तोही बहुधा अशाच जागेचा.

माणसांच्या चेहऱ्यांवर हेच घडते तेव्हा ते जास्त लागते. घरातले कुणी गेले की दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी किंवा भिंतीवरच्या तसबिरीसाठी फोटो हवा असतो, आणि जुन्या आजीचा एकटीचा फोटो बहुधा नसतोच. एखाद्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला वेगळे करावे लागते. तिच्या खांद्यावर नातवाचा हात असतो. तो पुसला की यंत्र खांदा आणि पदर भरते. काठाची नक्षी शेजारच्या काठावरून उचलते, आणि ती साधारण जमते. पण ‘चेहरा स्वच्छ करा’ अशा धर्तीची आपोआप चालणारी सोय त्याच वेळी चालू असेल, तर कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण तिला डाग वाटू शकते. हिरवट ठिपके फिकट होतात, कधी पुरते जातात. लहानपणी टोचून घेतलेली आणि हयातभर वागवलेली खूण तिच्या शेवटच्या फोटोतून अशी नाहीशी व्हावी, ही साधी चूक म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. फोटो छापायला देण्यापूर्वी तिला ओळखणाऱ्या कुणीतरी मूळ फोटो शेजारी धरून कपाळ, हनुवटी, कान आणि दात पाहून घ्यावेत. या कामाला दोन मिनिटे पुरतात.

काम चांगले व्हावे यासाठी थोडी पथ्ये आहेत. मास्कमध्ये माणसाबरोबर त्याची सावलीही घ्यावी. दुपारच्या उन्हात मालकाशिवायची सावली ताबडतोब नजरेत भरते. मोठा जमाव एकदम पुसण्याऐवजी एकेक माणूस पुसत गेले तर प्रत्येक खड्डा लहान राहतो आणि यंत्राला भोवतालचा आधार जास्त मिळतो. पाटीपुढचा माणूस काढायचे टाळावे. मराठी पाटीची झाकलेली अक्षरे भरताना ही साधने शिरोरेषा ओढतात आणि तिच्याखाली कुठल्याच लिपीत नसलेले आकार लटकवतात.

गर्दी हलती असेल तर याहून प्रामाणिक उपाय हाताशी आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही याचे वाईट वाटते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का ठेवून थोड्याथोड्या वेळाने दहा-पंधरा फोटो घ्यावेत. संगणक त्यांतल्या प्रत्येक ठिकाणचा मध्यक काढतो, म्हणजे सर्व फोटोंतले आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला उचलतो. एखादी जागा निम्म्याहून अधिक फोटोंत मोकळी असेल, तर तिथे मोकळ्या जागेचाच रंग येतो आणि येणारी-जाणारी माणसे विरून जातात. फोटोशॉपमध्ये ही सोय आहे. इथे रंगवलेले काहीच नसते; उरलेला प्रत्येक ठिपका कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला असतो. शनी अमावास्येच्या रेटारेटीत जागा मोकळीच होत नाही, म्हणून त्या दिवशी याचा उपयोग नाही.

आठवण, सजावट किंवा निमंत्रणपत्रिका यांसाठी रंगवलेली भिंत चालते. फोटो जेव्हा साक्ष म्हणून वापरला जातो, तेव्हा ती चालत नाही. घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि आता गायी-म्हशींचे फोटो व्हॉट्सअॅपवरूनही गिऱ्हाइकाकडे जातात. कासरा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या पायामागे गाईची अर्धी कास झाकली गेली आहे असे समजू. फोटो नीटनेटका दिसावा म्हणून तो माणूस पुसला, तर यंत्र कास पूर्ण करते, आणि गाईला चार सड असतात हे शिकलेले असल्याने चौथा सडही भरलेला काढते. प्रत्यक्षात तो सड बंद पडलेला असू शकतो. फसवायचा हेतू नसताना फसवणूक झालेली असते. कानातला बारा अंकी बिल्ला तर कधीच पुसू नये किंवा ‘स्पष्ट’ही करून घेऊ नये, अस्पष्ट आकडे यंत्र वाचत नाही, ते नवे आकडे काढते.

पिकाच्या नोंदीसाठी राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून आणलेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून अॅपमधूनच फोटो घ्यायचा असतो आणि त्याला अक्षांश-रेखांश जोडलेले असतात. साक्ष देणारा फोटो घेतल्या जागेशी आणि घेतल्या वेळेशी बांधलेला असावा, हेच तत्त्व त्यामागे आहे. वृत्तसंस्था याबाबत फार कडक असतात. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला व्हिडिओ कॅमेरा पुसल्याबद्दल असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१४ मध्ये एका पुलित्झर विजेत्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले. त्या कॅमेऱ्याचा बातमीशी काही संबंध नव्हता, तरीही हा निर्णय झाला.

फेरफाराचा माग काही प्रमाणात फाइलमध्येच राहतो. वेळ, ठिकाण, फोनचे मॉडेल यांची नोंद फोटोसोबत असते. ऑक्टोबर २०२४ पासून गूगल फोटोज एआयने केलेला बदल फोटोच्या तपशिलात दाखवू लागले. अॅडोबी, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी २०२१ मध्ये एकत्र येऊन आखलेल्या ‘सी२पीए’ या मानकात फोटोवर झालेल्या प्रत्येक संस्काराची सही केलेली नोंद फाइलला जोडली जाते. या सगळ्याला मोठी गळती आहे ती पाठवतानाच. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले की तो दाबून लहान होतो आणि या नोंदी गळून पडतात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते.

म्हणून विमा, पंचनामा किंवा कोर्टकचेरीत लागू शकणाऱ्या फोटोची मूळ प्रत वेगळी ठेवावी आणि पुसापुशी दुसऱ्या प्रतीवर करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या सर्व आकड्यांवरून ठरावीक गणिताने निघणारी अक्षरांची आणि अंकांची एक ओळ. १ कोटी २० लाखांपैकी एका ठिपक्याचा रंग बदलून फाइल पुन्हा जतन केली, तरी ती ओळ पूर्णपणे बदलते.