स्वमग्न मुलांचे वर्तनोपचार आणि आपले शेजारपण

किराणा दुकानाच्या फळीसमोर सहा वर्षांचा एक मुलगा लोळण घेऊन किंचाळतो आहे. त्याला बरणीतले चॉकलेट हवे आहे, पण तसे सांगण्याइतके शब्द त्याच्याजवळ नाहीत. आई शेजारी बसली आहे. ती रागावत नाही, उचलूनही घेत नाही. तिने फक्त चॉकलेटचे चित्र असलेले एक कार्ड त्याच्यासमोर धरले आहे. गर्दीतून कुणी तरी म्हणते, 'फार लाडावून ठेवलाय.' दुसरे कुणी कळवळून त्याच्या हातात चॉकलेट ठेवते आणि किंचाळणे थांबते. टोमणा आईच्या जिव्हारी लागला असेल. परंतु खरे नुकसान झाले ते त्या चॉकलेटने. कार्ड दिले की वस्तू मिळते, हे त्या मुलाला शिकवण्यासाठी आईने कित्येक आठवडे खर्ची घातले होते. ओरडले की अधिक लवकर मिळते, हे तो क्षणात शिकला.

स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन प्रथम केले. त्यानंतर बराच काळ दोष आईच्या माथी मारला गेला. तिच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल आपल्यातच मिटून जाते, असे मानले जाई. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला. शास्त्राने ती केव्हाच टाकून दिली आहे. आपल्या सोसायट्यांच्या आवारात मात्र ती अजून सुखेनैव नांदते आहे.

वर्तनोपचाराचे मूलतत्त्व साधे आहे. कोणतेही वर्तन घडण्यापूर्वी काही तरी घडलेले असते आणि वर्तनानंतर काही तरी मिळते किंवा टळते. जे केल्याने फायदा होतो, ते पुन्हा केले जाते. म्हणूनच उपचारतज्ज्ञ आधी वही उघडून नोंदी ठेवतो. मूल ओरडले, एवढे त्याला पुरत नाही. ओरडण्याआधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे तो लिहितो. वरकरणी सारखे दिसणारे वर्तन चार मुलांत चार कारणांनी घडू शकते. एकाला वस्तू हवी असते, दुसऱ्याला नकोसे काम टाळायचे असते, तिसऱ्याला कुणी तरी आपल्याकडे पाहावे असे वाटते. चौथ्याच्या कानांना मिक्सरचा आवाज खरोखर असह्य होत असतो. या चौथ्या मुलाला शिस्त लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मिक्सर बंद करणे हाच तेथे उपाय. कारण न शोधता केलेला उपचार म्हणजे अंधारात मारलेला दगड होय.

शिकवण्याची रीतही अशीच चिकाटीची आहे. हात धुणे ही आपल्या लेखी एक कृती. येथे तिचे नळ उघडणे, हात ओले करणे, साबण घेणे, चोळणे असे तुकडे पाडले जातात. प्रथम हाताला धरून, मग नुसत्या खुणेने आणि अखेरीस कोणत्याही मदतीविना मूल ते करते. प्रत्येक यशस्वी पायरीला त्याच्या आवडीचे काही तरी लगेच मिळते. मग ती शाबासकी असेल, झोका असेल किंवा फिरणारा पंखा दोन मिनिटे पाहण्याची मुभाही असेल.

या पद्धतीचा बोलबाला झाला तो ओले इव्हार लोवास यांच्या १९८७ सालच्या अभ्यासामुळे. चार वर्षांखालील १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ शिकवण्यात आले. त्यांपैकी नऊ मुले सर्वसाधारण बुद्ध्यांक गाठून नेहमीच्या शाळेत पहिली उत्तीर्ण झाली. तुलनेच्या गटांत हे प्रमाण दोन टक्के होते. मात्र मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. शिवाय त्या काळी दटावणे, चापट मारणे हेही उपचारात बसत असे. आज ते सर्वथा त्याज्य मानले जाते. स्वतः स्वमग्न असलेल्या अनेक प्रौढांचा आक्षेप आणखी खोलवरचा आहे. हात फडफडवण्याने मन शांत होत असेल तर ते का थांबवायचे? नजरेला नजर भिडवण्याची सक्ती कुणाच्या समाधानासाठी? हा आक्षेप रास्त आहे. आपली गरज सांगता येणे, इजा टळणे, स्वतःचे स्वतः करता येणे ही उद्दिष्टे हवीत; मूल चारचौघांसारखे दिसणे हे नव्हे. 'पूर्ण बरे करतो' अशी हमी देणाऱ्यांपासून दूर राहिलेलेच बरे.

आठवड्याला ४० तासांचा खर्च आपल्याकडे किती घरांना पेलणार? या संदर्भात गोव्यातील एक प्रयोग लक्षणीय ठरतो. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत काटेकोर अर्थाने वर्तनोपचार नव्हे, पण त्याची जवळची नातलग आहे. तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ भेटींमध्ये पालकांना त्यांच्याच मुलासोबतच्या खेळाचे चित्रीकरण दाखवले आणि मुलाच्या कलाने प्रतिसाद कसा द्यावा, हे शिकवले. मुले आई-वडिलांशी आपणहून अधिक संवाद साधू लागली.

यासाठी लवकर ओळख पटणे महत्त्वाचे. वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल, तर 'त्याचा मामाही उशिराच बोलला' म्हणत वाट पाहू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही स्वमग्नता येते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते.

आता पुन्हा त्या दुकानाकडे. उपचाराच्या खोलीत शिकलेली गोष्ट स्वमग्न मूल बाहेर आपोआप वापरत नाही. तीच गोष्ट दुकानात, लिफ्टमध्ये, शाळेच्या बसमध्ये नव्याने शिकवावी लागते आणि तेथे शिक्षक असतात दुकानदार, शेजारी, बसमधल्या मावशी. त्यांनी करायचे ते फारसे अवघड नाही. आईला 'काय करू?' असे विचारावे आणि ती सांगेल तेवढेच करावे. मुलाशी छोट्या वाक्यात बोलावे आणि उत्तरासाठी मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. त्याने कार्ड पुढे केले, तर रांगेत कितीही माणसे असोत, चॉकलेट त्याच क्षणी त्याच्याच हातात द्यावे. पैसे आई नंतर देईल.