अमळनेरचे प्राचार्य, लोणावळ्याची प्रयोगशाळा

दोंडाईच्याहून भुसावळकडे जाताना शिंदखेडा, नरडाणा मागे पडले की अमळनेर येते. लोणावळ्याच्या कैवल्यधामचा आरंभ शोधता शोधता मी याच स्टेशनावर येऊन पोचलो. संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य होते.

1920-21 मध्येच त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने यौगिक क्रिया तपासल्या होत्या. 1923 मध्ये कॉलेज बंद पडले. पुढच्याच वर्षी कैवल्यधाम आणि ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक, दोन्ही सुरू झाली.

नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मापकाने दाखवले. बस्तीत पाणी आपोआप आत का ओढले जाते, याचा उलगडा त्यात होता. या अंशतः निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. (गुरुदक्षिणेची ही तऱ्हा निराळीच!)

पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो 1933 चा लेख. प्राणायामाने शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही रूढ होती. श्वासातले वायू प्रत्यक्ष मोजल्यावर ती टिकली नाही. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला चमत्कार सांगणे सोयीचे असते. कुवलयानंदांनी मात्र जे आढळले ते स्वतःच्याच त्रैमासिकात छापले.

आमच्या दोंडाईच्यातल्या एका योगवर्गात परवा मी गेलो होतो. तिथे अजून जादा ऑक्सिजनच सांगतात.