रात्रपाळीचा डबा कधी उघडावा?

रात्री दोनच्या सुमारास कारखान्यांत, रुग्णालयांच्या वॉर्डांत, सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये डबे उघडले जातात. जेवण घरचेच असते, पोळी-भाजी किंवा वरण-भात. पण हेच जेवण दिवसा घेतले तर रक्तातील साखर जेवढी वाढते, त्याहून ती मध्यरात्रीनंतर जास्त वाढते. याचे कारण आपल्या शरीरातील जैविक घड्याळात आहे.

हे घड्याळ बाहेरच्या उजेडावर पूर्णपणे अवलंबून नसते. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिवसा पाने उघडणारे आणि रात्री मिटणारे एक रोप अंधारात ठेवून पाहिले. उजेड नसतानाही पाने ठरल्या वेळी उघडत-मिटत राहिली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळमाशीमध्ये या लयीशी संबंधित जनुक सापडले. ‘पीरियड’ नावाचे हे जनुक एक प्रथिन तयार करवते. प्रथिन पुरेसे साठले की ते स्वतःच्याच जनुकाचे काम थांबवते. मग प्रथिन हळूहळू नष्ट होते आणि जनुक पुन्हा कामाला लागते. या एका फेरीला साधारण २४ तास लागतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर असते. सुमारे २० हजार चेतापेशींचा हा छोटासा पुंजका. त्याचा दिवस २४ तासांपेक्षा काही मिनिटांनी मोठा असतो आणि सकाळचा प्रकाश तो रोज जुळवून देतो. याशिवाय यकृत, स्वादुपिंड, आतडी, स्नायू यांचीही आपापली घड्याळे असतात. त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव पडतो. एरवी प्रकाश आणि जेवण दोन्ही दिवसाच मिळत असल्याने सगळी घड्याळे एकमेकांशी जुळलेली राहतात.

रात्रपाळीत हे गणित बिघडते. मेंदूच्या हिशेबाने रात्र असते, मेलाटोनिन वाढलेले असते आणि इन्सुलिनचे काम मंदावलेले असते. त्याच वेळी पोटात भरपेट जेवण पडते आणि यकृताला वाटते, दिवस उजाडला. एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या वेळा चालू राहतात. वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही जैविक लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केला आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तो निष्कर्ष कायम ठेवला.

मग करायचे काय? नोकरी सोडणे बहुतेकांना शक्य नाही. २०२१ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. १९ निरोगी तरुण-तरुणींना त्यांनी १४ दिवस प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखी दिनचर्या दिली. एक गट रात्रीही जेवत होता, दुसरा फक्त दिवसा. पहिल्या गटात रक्तातील साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटात लक्षणीय वाढ झाली नाही. प्रयोग लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे: जागरण टाळता येत नसले, तरी जेवणाची वेळ बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

रात्री दहाची पाळी असेल तर मुख्य जेवण घरीच, संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उरकावे. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर ताक, एखादे फळ किंवा मूठभर फुटाणे पुरेत. जागे राहण्यासाठी दर तासाला घेतलेला गोड चहा आणि बिस्किटे हेही खाणेच आहे, हे विसरू नये. घरी आल्यावर हलकी न्याहारी करून अंधाऱ्या, शांत खोलीत झोपावे. घरच्यांनीही ती झोप दुपारची डुलकी न समजता रात्रीच्या झोपेइतकीच जपावी.

पाळ्या ठरवणाऱ्यांनाही एक गोष्ट करता येईल. सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पाळी पुढे सरकली तर शरीराला जुळवून घेणे सोपे जाते, कारण आपल्या घड्याळाचा कल मुळातच थोडे मागे रेंगाळण्याकडे असतो. उलट्या क्रमाने बदलणारी पाळी जास्त जड जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रीचे जेवण परस्पर बंद करू नये. त्यामुळे साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. पुढच्या तपासणीला जाताना आपल्या पाळीचे आणि जेवणाचे वेळापत्रक कागदावर लिहून न्यावे आणि औषधांच्या वेळा त्यानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.