टिपरी समोर आली की उचलायची

नवरात्रात सावद्याला गरबा-दांडिया खेळायला उतरणार असाल, तर आधी जरा बाजूला उभं राहून गोल कसा फिरतो ते पाहा. सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या या केळीच्या पट्ट्यात लेवा पाटीदार, गुजर अशी गुजरातेशी नातं सांगणारी घरं बरीच. त्यामुळे गरबा इथे परका वाटत नाही.

गरब्याचा गोल मधल्या घटाभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. चपला बाहेर. आत शिरायचं ते टाळी संपता संपता, मागून येणाऱ्याला नजरेनं विचारून. आडवं घुसलं की मागच्या चौघींची टाळी चुकते आणि ‘ओ ताई, जरा पाहून!’ ऐकावं लागतं.

दांडियाचं गणित वेगळं. दोन रांगा समोरासमोर. ठरलेले ठोके समोरच्याच्या टिपरीवर, मग गिरकी, मग एक पाऊल पुढे. समोर नवा माणूस. इथे कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून नकारही द्यावा लागत नाही. सुनेसमोर सासू येते, डॉक्टरांसमोर त्यांचा कंपाउंडर येतो, आणि पाच-सहा ठोक्यांत दोघं सुटतात. नावडता माणूसही तेवढ्यापुरताच.

ब्यूनस आयर्समधल्या टँगोच्या मैफलीत जोडीदार मात्र निवडावा लागतो, तोही तीन-चार गाण्यांसाठी. म्हणून तिथे हात पुढे करत नाहीत. लांबून नजर भिडवतात. मान हलली तर होकार, नजर वळली तर नकार. चारचौघांत पाणउतारा होत नाही. (जोड्या तिथेही घड्याळाच्या उलटच फिरतात.)

आपल्याकडे कुरबुरी होतात त्या रांग अडली की. एकसारख्या ड्रेसातला ग्रुप आपल्यातच फिरतो आणि बाहेरचा समोर आला की टिपरीच उचलत नाही. चुकीच्या स्टेपपेक्षा मला हा उद्धटपणा मोठा वाटतो. रील काढायला मध्येच थांबणारे त्याखालोखाल. आणि ठोका मनगटातून द्या, खांद्यातून नाही. नवख्यांची बोटं त्यानंच सुजतात.

राहिली वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातून नवरात्राच्या वाट्याला मोजकेच दिवस येतात. तेव्हा ‘भाऊ, एकच गाणं’ म्हणत डीजेवाल्याच्या मागे लागू नका. पोलीस आले तर ते नाचणाऱ्याला नाही, डीजेवाल्याला आणि मंडळाला गाठतात.