ओलीला ओल भेटली का?

मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी पाऊस मोजतो तो मिलिमीटरमध्ये नव्हे, तर मातीतल्या ओलीवर. मृगाची सर पडून गेली की तो शेतात माती उकरतो, वरची ओल खालच्या ओलीला भेटली का ते पाहतो आणि वाफसा आल्यावरच तिफण धरतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्ला म्हणजे याच परीक्षेचे आकड्यांतले रूप.

‘पाऊस बदलला’ असे हा शेतकरी म्हणतो, तेव्हा मोसमाची सरासरी कदाचित पूर्णही भरलेली असते. तरीही त्याचे म्हणणे खरे असते. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवस उघडीप पडली आणि मग एकाच रात्रीत शंभर मिलिमीटर कोसळला, तर बेरीज जुळते, पीक मात्र जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा ओतून येतो.

यावरचे उपाय घरापासूनच सुरू होतात. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर घरचे बियाणे चालते आणि दुकानातल्या पिशवीचा खर्च वाचतो. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, कारण तुरीचे सोटमूळ खोल जाते आणि ती पावसाचा खंड सोसते. रुंद वरंबा-सरीवर पेरले, तर जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि कमी पावसात तिथेच मुरते. शेंगा भरताना शेततळ्यातून एक पाणी मिळाले, तरी उत्पन्नात मोठा फरक पडतो. पण दोन एकरांच्या धन्याने तळ्यासाठी जमीन काढायची कुठून, हा प्रश्न उरतोच.

सगळ्यात जिव्हारी लागते ती दुबार पेरणी. उसनवारी करून आणलेले बियाणे एकदा मातीत गेलेले असते. जुलैचा मध्य उलटला, की मूग, उडीद आणि सोयाबीनची वेळ गेली. मग बाजरी, तूर, सूर्यफूल किंवा एरंडी. तेही साधले नाही, तर रान कुळवून मोकळे ठेवतात आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर हरभरा किंवा रब्बी ज्वारी पेरतात.