बोका जाडा झाला, भाटी म्हातारी झाली : घरच्या मांजराला कसं सांभाळाल?

बोईसर : मांजर आपलं आपण बघतं, असा आपल्याकडचा जुना समज. उंदीर मारावा, चुलीजवळ झोपावं, मासळीचं डोकं मिळालं की खूष. पण बोईसरच्या फ्लॅटमध्ये, तारापूर एमआयडीसीच्या कामगारांच्या चाळींत आणि आता गावच्या घरातही मांजर दिवसभर आत बसून असतं. खाणं आयतं, धावपळ नाही. त्यामुळे अंग सुटतं. दुसरीकडे, नीट सांभाळलेलं घरचं मांजर १२ ते १५ वर्षं सहज जगतं. म्हणजे त्याचं म्हातारपणही आपल्यालाच काढावं लागतं.

जाड आहे, हे कसं ओळखायचं?

साधारण गावठी मांजराचं वजन साडेतीन ते पाच किलो असतं. आधी काट्यावर एकटे उभे राहा, मग मांजर घेऊन उभे राहा. दोन्हींतला फरक म्हणजे मांजराचं वजन. काटा नसेल तर हात फिरवा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. वरून पाहिलं तर कमर आत गेलेली दिसली पाहिजे. बरगड्या सापडतच नसतील आणि पोट गोल भरलेलं असेल, तर वजन जास्त आहे.

जाडेपणामुळे मधुमेह होतो, सांधे दुखतात, पाठीपर्यंत जीभ पोचत नाही म्हणून अंग चाटता येत नाही आणि केसांच्या गाठी होतात. ऑपरेशन केलेल्या मांजराला खाणं कमी लागतं, पण भूक वाढते. म्हणून ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यापासूनच ताटली मोजून द्यायची.

किती आणि काय द्यायचं?

चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. दुकानातलं कोरडं खाद्य असेल तर ते ५० ते ६० ग्रॅम, तेही दोन-तीन वेळांत मिळून. आपल्याकडे वाटी भरलेलीच ठेवतात, घरातला प्रत्येक जण वेगळं काहीतरी घालतो, आणि हिशेब राहत नाही. एकानेच खाणं द्यावं.

मांजर मांसाहारी प्राणी आहे. नुसता दूधभात त्याला पुरत नाही. टॉरीन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. मोठ्या मांजराला बरेचदा दूध पचत नाही, जुलाब होतात. मासळी उकडून, काटे काढून द्या. काही कच्च्या मासळीने अंगातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सातपाटी, मुरबे, दांडीकडच्या घरांत सुके बोंबील आणि सुकट मांजराच्या वाट्याला येते. त्यात मीठ भरपूर असतं. द्यायचीच तर भिजवून, पाणी टाकून, थोडीशी. कांदा-लसूण घातलेलं कालवण मात्र मुळीच नको. त्याने मांजराचं रक्त कमी होतं.

उपाशी ठेवू नका

जाड मांजराला दोन दिवस उपाशी ठेवलं की उंदीर मारेल आणि बारीकही होईल, असं बरेच जण म्हणतात. हेच सगळ्यात धोक्याचं. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचते, कावीळ होते आणि मांजर दगावू शकतं. वजन हळूहळू उतरवायचं. सहा किलोच्या मांजराचं आठवड्याला ६० ग्रॅम उतरलं तरी पुरे. एक किलो कमी व्हायला चार महिने लागतील. रोज दहा-पंधरा मिनिटं दोरी, चिंधी, कागदाचा बोळा घेऊन खेळवा. जेवण वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, तेवढंच चालणं होईल.

म्हातारपणाच्या खुणा

दहा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात साधारण ५६ वर्षांचं, पंधराचं म्हणजे ७६ चं. माळ्यावर उडी मारणं बंद होतं, झोप वाढते, नखं वाढून पंजात रुततात. नखं महिन्याला पाहा. पाण्याचं भांडं दोन-तीन ठिकाणी ठेवा. झोपायला खाली, उबदार जागा करा. मातीचा ट्रे कमी उंचीच्या काठाचा घ्या, म्हणजे पाय उचलताना त्रास होणार नाही.

काही खुणा वयावर ढकलू नका. पाणी खूप पिणं आणि लघवी वाढणं हे किडनी किंवा मधुमेहाचं लक्षण असू शकतं. भरपूर खाऊनही वजन घटत असेल तर थायरॉईड किंवा मधुमेह तपासावा लागतो. तोंडाला वास आणि लाळ येत असेल तर दात बघा. बोका लघवीला सारखा बसतो पण थेंबही येत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरातली औषधं नकोत

मांजर लंगडतं म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन असलेलं औषधही मांजराला विष आहे.

दाखवायचं कुठे?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम गाई-म्हशी, शेळ्यांचं. तरी मांजर नेण्याआधी तिथे विचारून घ्या. रेबीजची लसही चुकवू नका. मोठी तपासणी लागली तर परळला जावं लागतं. १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथेच आहे. शेजारचा बाई साकरबाई दिनशॉ पेटिट दवाखाना जुनी माणसं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात. डहाणू लोकलने दादरला उतरून जाता येतं. मांजर पोत्यात कोंबू नका, हवा लागेल अशी झाकणाची टोपली घ्या.

आणि म्हातारं झालं, घर घाण करतं, म्हणून बाजारात किंवा बंदरावर नेऊन सोडणं ही वाईट खोड आहे. दात गेलेलं, आयतं खायची सवय लागलेलं मांजर तिथे कुत्र्यांपुढे आणि भुकेपुढे टिकत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ज्या मांजराने दहा वर्षं कणगीतलं भात उंदरांपासून राखलं, त्याला शेवटची दोन-तीन वर्षं मऊ घास आणि कोरडी जागा देणं घराला जड नाही.